यंत्रांसाठी लिहिणारी रोबिया ओपा

रोबिया ओपाने, म्हणजे महल्ल्याच्या रोबियाताईने, आयुष्यभर जे लिहिलं ते कुणी वाचलं नाही. तिला त्याचं फारसं दुःख नव्हतं, धंदाच तसा होता. फरगण्याच्या पंप कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहायची. पंपाच्या खोक्यात सगळ्यात वर जी पातळ पुस्तिका असते, 'वापरण्यापूर्वी वाचा' असं ठळक अक्षरांत विनवणारी, ती रोबियाची. लोक खोकं फोडायचे, पुस्तिका बाजूला भिरकवायचे, पंप उलटा जोडायचे आणि मग कारखान्याच्या नावाने खडे फोडायचे. एकदा तिने बाजारात सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया घेतल्या, तर पुडीचा कागद तिच्याच पुस्तिकेचा निघाला. 'पंप चालवू नये कोरडा' हे वाक्य बरोबर मधोमध फाटलेलं. तिने बिया खाल्ल्या, कागद मांडीवर सरळ केला, वाचला, आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, 'कोरडा' हा शब्द आधी यायला हवा होता. शेवटी घातला तिथेच चुकलं."

नवरा तोलिबजान ताश्कंदच्या घाटातून टॅक्सी चालवायचा. शांत माणूस. घरात शेगडीवर, बंबावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर बायकोने चिकटवलेल्या सूचना तो निमूट पाळायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे न वाचता फक्त चहा पिता येतो."

कारखाना बंद पडला तेव्हा रोबिया पन्नाशीला टेकली होती. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. तिने जर्दाळू वाळवले, लोणची घातली, शेजारणींच्या औषधांवर मोठ्या अक्षरांत 'सकाळी' आणि 'जेवणानंतर' लिहून दिलं, आणि तरी दुपार उरायचीच. अशाच एका दुपारी दव्रोन आला. महल्ल्यातलाच मुलगा, आता स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढलेला. हातात दोन गरम नान आणि द्राक्षांची पिशवी. लहानपणी या मुलाने आजोबांचा पंप रोबियाची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून जोडला होता. साऱ्या महल्ल्यात तसं करणारा तो एकटाच, म्हणून तिचा त्याच्यावर जीव.

"ओपा, एक पुस्तिका लिहायचीय," तो म्हणाला.

"कसला पंप?"

"पंप नाही. प्रोग्राम."

"कोण वाचणार?"

दव्रोन जरा घुटमळला. "खरं सांगू? माणसं नाही वाचणार. यंत्रं वाचणार."

"म्हणजे पहिल्यासारखंच की," रोबिया चहा ओतत म्हणाली. "माणसं तेव्हाही वाचत नव्हती."

मग त्याने समजावून सांगितलं. प्रोग्राम लिहिणारे लोक काहीही बदललं की तो बदल कोडच्या भांडारात जमा करतात. त्याला कमिट म्हणतात. कुणी बदललं, कधी बदललं, काय बदललं, आणि जोडीला एखादी ओळ, का बदललं याची. वर्षानुवर्षं असे हजारो बदल थरावर थर साचत जातात. पूर्वी जुन्या कोडमध्ये काही विचित्र दिसलं की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला विचारायचं. आता कंपन्या हेच काम एआय एजंटकडून करून घेतात. एजंट हुशार, न थकणारा, पण रोज सकाळी कामावर येतो तो कोरा. कालचं त्याला आठवत नाही आणि शेजारचा म्हातारा त्याच्या ओळखीचा नाही. काही वाकडं दिसलं की तो सरळ करून मोकळा होतो. दव्रोनच्या कंपनीने बनवलेलं साधन हे थर उकरून एजंटला सांगायचं, थांब, ही ओळ अमक्याने अमक्या कारणासाठी घातली आहे. साधनाचं नाव 'इझ'. आपल्या भाषेत पाऊलखूण.

"नव्या सुनेला सासरचं स्वयंपाकघर दाखवायचं, तसं," रोबिया म्हणाली.

"अगदी तसं."

"पण ही सून रोज सकाळी नवी."

दव्रोन हसला, आणि दुसऱ्या आठवड्यात रोबिया कामावर रुजू झाली.

कंपनी एका जुन्या बालवाडीच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर कोट अडकवायचे हुक मुलांच्या उंचीचे, प्रत्येकाशेजारी एक चित्र. बदक, चेरी, साळिंदर. मोठ्या माणसांचे कोट जमिनीला लोळायचे, तरी ते हुक काढायला कुणी तयार नव्हतं. रोबियाच्या वाट्याला साळिंदर आलं. निगोरा नावाची मुलगी, जी इझची चाचणी घ्यायची, तिने पहिल्याच आठवड्यात ओपाचं बारसं केलं. रोबोंसाठी लिहिते म्हणून 'रोबो ओपा'. रोबियाला ते आवडलं. घरी तिने नवऱ्याला ऐटीत सांगितलं, तर तोलिबजान म्हणाला, "बरं झालं. आता सूचना पाळणारा मी एकटा नाही."

इझचं काळीज लिहिलं होतं ते हमदम आकांनी, म्हणजे हमदमदादांनी. साठीकडे झुकलेले, पूर्वी टेलिफोन खात्यात असलेले, केस पांढरे आणि भुवया काळ्याभोर. माणूस कामाला वाघ, बोलायला कंजूष. आपल्या प्रत्येक बदलासोबत त्यांनी एकच शब्द लिहिलेला असायचा, 'बोल्दी'. म्हणजे 'झालं'. वर्षांमागून वर्षं, शेकडो बदल, आणि सगळ्यांवर 'बोल्दी'. रोबियाने ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

"हमदम आका, जगाला कारणं सांगणारं साधन तुम्ही केलंत आणि तुमच्या स्वतःच्या नोंदींत औषधाला एक कारण नाही."

"सुतार दुसऱ्यांची दारं करतो, रोबियाखोन. स्वतःच्या घराला त्याला पडदा पुरतो."

"मग त्या पडद्याआड बिचाऱ्या एजंटने काय बघायचं?"

"बघू नये म्हणूनच पडदा असतो," हमदम आका म्हणाले आणि त्यांनी कानाला हेडफोन लावले. त्यात काही वाजत नसायचं, हे साऱ्या कचेरीला ठाऊक होतं.

काम सोपं नव्हतं. पहिल्या मसुद्यात रोबियाने लिहिलं, 'काही बदलण्याआधी जुन्या नोंदी वाच.' निगोराने ते एजंटला दिलं. एजंटने आज्ञाधारकपणे भांडारातली अगदी पहिली नोंद काढली आणि तिथून वाचायला बसला. त्याच्या डोक्यात मावेनासं झालं, मूळ काम काय होतं तेच तो विसरला, आणि शेवटी त्याने दहा वर्षांपूर्वीच्या एका चुकीबद्दल नम्रपणे माफी मागितली. रोबियाने वाक्य बदललं, 'आवश्यक तेवढ्याच नोंदी वाच.' मग त्याने एक वाचली आणि थांबला. निगोरा टेबलावर डोकं टेकून हसत होती. रोबिया हसली नाही. तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं होतं. साऱ्या जन्मात पहिल्यांदा तिला शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा वाचक मिळाला होता. तो पुस्तिका फेकत नव्हता, तिच्यात बिया बांधत नव्हता. ती जे लिहील ते तो खरं मानून चालणार होता.

त्या दिवसापासून ती वेगळ्याच निगुतीने लिहू लागली. ज्या ओळीला हात लावायचा आहे तिच्याबद्दल इझला काय विचारायचं, उत्तरातल्या तारखा कशा समजून घ्यायच्या, एकाच ओळीवर दोघांनी दोन वेळा उलटसुलट बदल केले असतील तर कोणावर विश्वास ठेवायचा. एकेका शब्दासाठी ती निगोराला छळायची. जेवायच्या सुट्टीत सगळे ओश, म्हणजे पुलाव, खायला खाली जायचे तेव्हाही तिच्या हातात कागद असायचा. हमदम आका म्हणायचे, "ताटातल्या भाताला तरी सूचना देऊ नका."

इझ बाहेर गेलं. परदेशातल्या कंपन्यांनी घेतलं, पण दव्रोनला खरा आनंद झाला तो जवळच्या पाणीवापर संस्थेने घेतलं तेव्हा. संस्थेकडे पाण्याच्या पाळ्या ठरवणारा एक जुना प्रोग्राम होता. कोणत्या गावाला कधी पाणी, कुणी कोणतं दार कधी उघडायचं, हे तो ठरवायचा आणि पाटकऱ्यांच्या फोनवर निरोप पाठवायचा. तो प्रोग्राम लिहिणारे केव्हाच पांगले होते. संस्थेने एजंटला तो नीटनेटका करायला सांगितलं, आणि एजंटच्या हाताशी इझ आणि रोबियाची पुस्तिका दिली.

मे महिन्यात एका शुक्रवारी संस्थेच्या रईसाचा, म्हणजे अध्यक्षाचा, दव्रोनला फोन आला. दव्रोनने फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. पाटाच्या शेपटाला खालचं चिनार नावाचं गाव आहे, तिथे पाणी उशिरा पोचलं होतं. शेतं वाचली होती, पण परसातल्या वाफ्यांमधली नुकती लावलेली रोपं उन्हात माना टाकून पडली होती. बायका संस्थेच्या दारात येऊन बसल्या होत्या, आणि रईसाच्या म्हणण्याप्रमाणे बायकांपेक्षा अवर्षण परवडलं.

निगोराने शोधून काढलं. जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती. खालच्या चिनारची पाळी शुक्रवारी सकाळी, पण या ओळीमुळे दार गुरुवारी ऊन उतरताच उघडायचं. सोबतची नोंद एवढीच होती, 'तात्पुरतं. मुनिसा.' ती नोंद कित्येक वर्षांपूर्वीची. आणि रोबियाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 'नोंदीत तात्पुरतं असं म्हटलं असेल आणि हंगाम उलटून गेला असेल, तर ती ओळ काढायला हरकत नाही.' एजंटने ती काढली. संस्थेतल्या कारकुनाने न वाचता मान्यता दिली.

हमदम आका म्हणाले, चूक एजंटची. दव्रोन म्हणाला, चूक कारकुनाची, तो वाचायला बसवलाय कशाला? रोबियाने पुस्तिकेचं ते पान उघडलं आणि म्हणाली, "एजंटने मी सांगितलं तेच केलं. वाक्य माझं आहे."

ओळ लगेच परत घातली गेली. दव्रोन म्हणाला, पुस्तिकेतलं ते वाक्य काढून टाका, विषय संपला. रोबियाला ते पटेना. वाक्य काढलं तर तिथे भोक राहील, आणि उद्याचा एजंट त्या भोकात आपल्या बुद्धीने काहीतरी भरील. ती ओळ तिथे का होती हे कळल्याशिवाय तिच्या जागी काय लिहायचं ते तिला कसं कळणार? इझ सांगत होतं कुणी आणि कधी. का, ते इझलाही माहीत नव्हतं.

"मी जाऊन विचारते," ती म्हणाली.

"कुणाला?" दव्रोनने विचारलं.

"ज्यांची रोपं मेली त्यांना."

हमदम आकांनी कोणाकडे न पाहता गाडीची किल्ली उचलली. "तुम्ही बसने गेलात तर पुढच्या पाळीला पोचाल," म्हणाले.

खालच्या चिनारला त्यांचं स्वागत काही गोड झालं नाही. चहाखान्यात बसलेल्या पुरुषांनी आधी सगळा राग हमदम आकांवर काढला, कारण ते पुरुष होते आणि गाडी त्यांची होती. हमदम आकांनी तो चहाबरोबर गिळला. मग राग ओसरला, पुन्हा चहा ओतला गेला, आणि रोबियाने हळूच विचारलं, पाणी गुरुवारी का सोडायचे? प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक म्हणाला, वरचे लोक पाणी चोरतात म्हणून आधी सोडतात. दुसरा म्हणाला, पाटाच्या तळाशी वाळू आहे, पाणी मुरत मुरत येतं, त्याला वेळ लागतो. तिसरा म्हणाला, शुक्रवारी नमाज असते म्हणून. एर्गाश ओता, गावाचे वयस्कर पाटकरी, म्हणाले, "फोनवर येतं उघडा, मी उघडतो. येतं बंद करा, बंद करतो. कारण फोनला विचारा." मुनिसा कोण ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. याच गावची पोर, संस्थेत नोकरीला होती, पुढे लग्न होऊन दूर नुकूसला गेली. आई इथेच राहते, त्या तुतीच्या झाडांपलीकडे.

मुनिसाच्या माहेरी रेशमाच्या किड्यांचा हंगाम चालू होता. आतली खोली त्यांना दिलेली, तिथे परक्याला प्रवेश नाही. मुनिसाच्या आईने पाहुण्यांना अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसवलं, आणि पाहुणे आले म्हणून नाही तर पाणी बुडवणारे आले म्हणून शेजारच्या चार बायकाही जमल्या. रोबियाने आधी वाफे बघितले. कांद्याची पात पिवळी पडून जमिनीला चिकटली होती. टोमॅटोची काही रोपं नव्याने उभी राहत होती, काही राहणार नव्हती. ती तिथे उकिडवी बसली, मातीत बोट खुपसून पाहिलं, आणि म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं. मी एक वाक्य चुकीचं लिहिलं."

बायकांना यातलं फारसं काही कळलं नाही, पण कबूल करणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. एकीने तिच्यासाठी उशी आणली.

"गुरुवारचं पाणी तुम्ही परसाला घ्यायचात?" रोबियाने विचारलं.

"मग? शेतांची पाळी शुक्रवारी. मधलं पाणी आमचं," मुनिसाची आई म्हणाली.

"तुमचं कसं?"

"कसं म्हणजे काय? येतं म्हणून आमचं."

मग नुकूसला फोन लागला. छोट्या पडद्यावर मुनिसा दिसली, कडेवर मूल, मागे दोरीवर कपडे. रोबियाने आपण कोण ते सांगितलं आणि ती ओळ वाचून दाखवली. मुनिसाने मूल खाली ठेवलं.

"आई, तू जरा आत जा," ती म्हणाली.

"मी कुठे जाणार नाही. माझे कांदे मेलेत."

मुनिसाने मग सांगितलं ते असं. ती नोकरीला लागली त्या वर्षी पाटाची बाजू खचली होती आणि पाणी शेवटपर्यंत पोचायला उशीर व्हायचा. म्हणून तिने एका हंगामापुरती ती ओळ घातली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, तात्पुरतं. पुढच्या वर्षी पाट दुरुस्त झाला. ती ओळ काढायला बसली. पण त्याच आठवड्यात घरी आली होती तेव्हा तिने पाहिलं होतं, आईच्या परसात कांदे होते. शेजारच्या परसात कोथिंबीर, भोपळा. पूर्वी या टोकाच्या घरांच्या परसात धूळ असायची. भाजी वरच्या गावातून विकत यायची, नाहीतर येतच नसायची. त्या अर्ध्या दिवसाच्या पाण्याने एवढं केलं होतं.

"मग मी ती काढलीच नाही," मुनिसा म्हणाली.

"आणि नोंदीत खरं कारण का नाही लिहिलंस, बाळा?"

"ओपा, नोंद सगळे वाचतात. तो अर्धा दिवस वरच्या चिनारच्या पाळीतला. त्यांना रात्री पाणी नको असायचं, निचऱ्याच्या चरात सोडून द्यायचे. पण हक्काचं ते हक्काचं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. म्हणून गप्प बसले. चोरी म्हणा हवं तर."

इतकी वर्षं त्या बायकांना तो सरकारी नियम वाटत होता. मुनिसाच्या आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "जेवलीस का?"

परतीच्या वाटेवर रोबियाच्या मांडीवर बायकांनी दिलेली तुतीची परडी होती. हमदम आका म्हणाले, "आता कळलं ना, माणूस नुसतं 'झालं' का लिहितो ते?"

"तुमच्याही एखाद्या 'बोल्दी'मागे असं काही आहे?"

हमदम आकांनी एका ट्रॅक्टरला वाट दिली. "आहेत दोन-चार," म्हणाले.

पेच आता उघड होता. ओळ परत घातली होती, पण तिच्याशेजारी अजून 'तात्पुरतं' हाच शब्द होता. खरं कारण लिहिलं तर वरचं गाव भांडायला उठणार. नाही लिहिलं तर आज ना उद्या कुणी माणूस किंवा यंत्र ती पुसणार. दव्रोन म्हणाला, आपण पुस्तिकावाले, दुसऱ्यांच्या पाण्यात आपण पडू नये. त्याचं खोटं नव्हतं. रोबियाने मुनिसाला फोन केला आणि एवढंच सांगितलं, मी तुझ्या वतीने काही लिहिणार नाही. पण ती ओळ अशी मुक्याने फार दिवस जगणार नाही.

मुनिसाने विचार केला. नवऱ्याशी बोलली, आईशी भांडली, आणि मग स्वतःच रईसाला फोन लावून सगळं सांगून टाकलं.

संस्थेची सभा झाली ती गाजली. वरच्या चिनारची माणसं आली, खालच्या चिनारच्या बायका आल्या. मुनिसाला चोर म्हटलं गेलं, आणि तिच्या आईने त्याला असं उत्तर दिलं की म्हणणारा पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेला. वरचे म्हणत होते, पाणी आमचं, विचारलं असतं तर दिलं असतं. खालच्या बायका म्हणत होत्या, इतकी वर्षं चरात सोडलंत, तेव्हा कुणाला विचारलंत? रोबिया कोपऱ्यात बसून होती. तिला बोलायला कुणी सांगितलं नाही आणि ती बोलली नाही. शेवटी एर्गाश ओतांनी पागोट्याचं टोक सारखं केलं आणि विचारलं की सगळे दमले असतील तर वाटणी करायची का. गुरुवार उतरतीचं पाणी निम्मं झालं. निम्मं वरच्यांना परत, निम्मं खालच्या परसांना, आणि तेवढं मात्र नियम म्हणून, लिहून. बायकांना पूर्ण हवं होतं. काही वाफे त्या वर्षापासून मोकळे पडले ते पडलेच. रईस मुनिसाच्या आईशी साऱ्या उन्हाळ्यात बोलला नाही. पण प्रोग्राममधल्या त्या ओळीशेजारी आता चार ओळींची नोंद आहे, तिच्यात परसबागांचा उल्लेख आहे, आणि ती मुनिसाने स्वतः नुकूसहून लिहून पाठवली आहे.

त्यानंतर रोबियाने पुस्तिकेचा तो भाग पुन्हा लिहिला. दव्रोनला वाटलं होतं एखादी ओळ असेल. तिने लिहिलं ते असं होतं: 'इतिहासात काय झालं ते असतं. का झालं ते कधी असतं, कधी नसतं, आणि कधी मुद्दाम ठेवलेलं नसतं. नसेल तेव्हा अंदाजाने भरू नकोस. त्या ओळीवर ज्यांचं काही अवलंबून आहे अशा माणसाला विचार. ज्याने मान्यता द्यायची त्याला विचारून भागत नाही. माणूस माहीत नाही म्हणाला, तर तेही उत्तर समज आणि हात लावू नकोस.'

हमदम आकांनी ते दोनदा वाचलं. आठवडाभर खपले, आणि इझमध्ये बदल केला. पूर्वी कारण सापडलं नाही की इझ आजूबाजूच्या नोंदींवरून एक जुळवून द्यायचं. आता ते सरळ सांगू लागलं, 'कारण नोंदलेलं नाही.' परदेशातल्या एका ग्राहकाने तक्रार केली की नवी पुस्तिका आल्यापासून आमचा एजंट फार प्रश्न विचारतो, आणि तो ग्राहक सोडून गेला. दव्रोन दोन दिवस नाराज होता. रोबियाने त्याच्यासाठी घरून भोपळा भरलेल्या सोमस्या आणल्या, पण वाक्य बदललं नाही.

आणि मग एका शरद ऋतूतल्या सकाळी हमदम आका स्वतःहून तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "विचारा," म्हणाले.

"काय विचारू?"

"माझ्या 'बोल्दी'. मला आठवतंय तोवर विचारून घ्या."

कित्येक सकाळी ते काम चाललं. निगोरा एकेक जुना बदल पडद्यावर आणायची, रोबिया विचारायची का, आणि हमदम आका आधी म्हणायचे आठवत नाही, मग आठवायचे. हे इथे दोनदा तपासलंय कारण पहिल्यांदा तपासलं तेव्हा आई दवाखान्यात होती आणि माझा माझ्यावर विश्वास नव्हता. हे मी लिहिलेलंच नाही, एका पोराने लिहिलं होतं, त्याची नोकरी जाऊ नये म्हणून माझ्या नावाने जमा केलं. ही ओळ? ही चूक आहे. पण ती काढली तेव्हा दुसरीकडे काहीतरी मोडलं, म्हणून परत घातली, आणि लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. एवढं बोलताना निगोराने त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ती टाइप करायची थांबली, तेव्हा ते खेकसले, "लिही ना. ऐकत काय बसलीस?"

रोबियाने प्रत्येकाची नोंद केली. दोन ठिकाणी ते म्हणाले, हे नको. तिने विचारलं नाही. तिथे तिने लिहिलं, 'कारण आहे. हमदम आकांना माहीत आहे.'

आता हमदम आका निवृत्त झालेत. निगोरा ताश्कंदला गेली, तिच्या जागी दोन नवी मुलं आली. पुस्तिकेचा पहिला मसुदा आजकाल एजंटच लिहितो, आणि रोबिया ओपा तो तपासते. पहिल्यांदा दव्रोनने भीत भीत विचारलं होतं, तुम्हाला वाईट तर वाटणार नाही? तिने मसुदा वाचला आणि म्हणाली की बरा लिहितो, माझ्या पंपांच्या वेळी हवा होता. ती खोडते थोडंच. पण जिथे खोडते तिथे एजंटला कारण सांगते, आणि तो ऐकून घेतो म्हणून खूश असते. नवऱ्याने आता घाटातली गाडी सोडली आहे. तो दुपारी तिला आणायला येतो आणि बालवाडीच्या अंगणातल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसून राहतो.

बुधवारी हमदम आका चहाला येतात. परवा आले तेव्हा तिने नवा मसुदा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे 'कदाचित' काढा. यंत्राला 'कदाचित' लागत नाही, रोबियाखोन. त्याला हो लागतं नाहीतर नाही."

"त्याला लागत नसेल," रोबिया ओपा म्हणाली, "मला लागतं."

हमदम आकांनी चहाचा घोट घेतला आणि पुढचं पान उलटलं.